अक्षरांमागचे आबा

गोरेगाव, ता. सेनगाव
२४ सप्टेंबर २००४

ती. दादा,

नमस्कार. तुमची खुशाली विचारत नाही, कारण आमची सांगण्यासारखी नाही. सेनगावच्या दुकानातून तुला फोन केला तेव्हा तुझ्या प्रेसचा मालक मागून "किती वेळ?" म्हणून ओरडला, ते मला इथं ऐकू आलं. म्हणून हे पत्र. शिवाय मला जे विचारायचंय ते फोनवर कळत नाही. तू भराभर सांगतोस, मी हो हो म्हणते, आणि फोन ठेवला की डोक्यात कोरी पाटी.

आबांचा अजून पत्ता नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी भाकर खाल्ली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघाले. मायनं विचारलं, "कुटं निघाले?" तर म्हणाले, "मेंढरं वाट पाहून राहिली असतील." मेंढरं विकून दोन वर्षं झाली. मायला वाटलं, माळावर जातील आणि सांजच्याला येतील, कारण हे आता नेहमीचंच झालं होतं. तुला कळवलं नाही, पण वर्षभरापासून ते विसरायला लागलेत. एकदा मलाच विचारलं, "तू कोनाची ग पोर?" मी म्हटलं, "मसाजी मेंढरंवाल्याची." तर म्हणाले, "चांगला माणूस हाय." मी तेव्हा पोट धरून हसले होते.

सुरुवातीला गावानं मनावरच घेतलं नाही. जन्मभर मेंढरांमागं महिना-महिना बाहेर राहिलेला माणूस, चालला असेल कुठंतरी, येईल. आता मात्र बायका मायकडं वेगळ्या नजरेनं बघतात. ठाण्यात नोंद केली, सगळे पाहुणे धुंडाळले. आता मी कागद छापून गावोगाव लावायचं ठरवलंय. ज्यांच्या दुकानात मी टायपिंग करते ते पुनमचंद शेठ म्हणाले, "बेटी, काम झाल्यावर कॉम्प्युटर तुझाच." तुझ्या लग्नातला आबांचा फेट्यातला फोटो हिंगोलीच्या स्टुडिओतून फ्लॉपीवर घालून आणला.

पण दादा, फोटो वर्डमध्ये टाकला की सगळा खेळखंडोबा होतो. एक ओळ वाढवली की आबा खाली सरकतात. एक खोडली की वर येतात. काल दोनदा एंटर मारलं तर सरळ दुसऱ्या पानावर निघून गेले. कागदावरसुद्धा एका जागी बसायला तयार नाहीत. लहान केला तर चेहरा ओळखू येत नाही, मोठा केला तर मजकुराला जागा उरत नाही. फोटो एका जागी पक्का कसा बसवायचा ते पायरी-पायरीनं लिहून पाठव.

माय रोज एक भाकर जास्त टाकते. तू येशील का?

अंजू

•

पुणे
३० सप्टेंबर २००४

चि. अंजू,

तुला आशीर्वाद, मायला नमस्कार आणि दोघींना धीर पाठवतोय. मी आत्ता येऊ शकत नाही. निवडणुकीमुळं प्रेस रात्रंदिवस चालू आहे. सुट्टी मागितली तर मालक म्हणाला, "घे की, कायमचीच घे." आमच्या राजनंदिनीला नुकतं शाळेत घातलंय, त्यामुळं तोंड मिटून घेतलं. पण कागदाचं काम माझ्या हातचं आहे, ते मी इथून चोख करून देतो.

तू फोटो मजकुरात टाकतेस, म्हणून तो मजकुराबरोबर वाहून जातो. तो मजकुराच्या खाली, कागदाच्या अंगातच बसवावा लागतो. व्ह्यू मेन्यूत जाऊन हेडर अँड फुटर उघड. तुझा मजकूर फिका दिसायला लागेल, घाबरू नको. तिथंच इन्सर्ट, पिक्चर, फ्रॉम फाइल करून फोटो आण. फोटोवर क्लिक केलंस की पिक्चरची एक छोटी पट्टी येईल. तिच्यातल्या टेक्स्ट रॅपिंगमध्ये बिहाइंड टेक्स्ट निवड आणि फोटो कोपऱ्याला धरून पानभर ताण.

आता मुख्य गोष्ट. त्याच पट्टीत इमेज कंट्रोल आहे, त्यात वॉटरमार्क आहे, ते दाब. फोटो एकदम विरळ होईल, ताकात पाणी घातल्यासारखा, आणि त्याच्यावर काळी अक्षरं स्वच्छ उठून दिसतील. मग क्लोज कर. त्यानंतर कितीही एंटर मार, आबा जागचे हलणार नाहीत. माऊसनं धरायला गेलीस तरी तुझ्या हाती लागणार नाहीत.

वर नाव मोठ्या ठशात घे, खाली तारीख ठळक कर. मधे बारीक अक्षरात वर्णन आणि दुकानाचा फोन नंबर. मोठा चेहरा लांबून दिसला पाहिजे, लोक आधी चेहरा बघतात. हे माझं रोजचं काम आहे, तू डोळे झाकून कर.

मायला म्हणावं, लेक हात बांधून बसलेला नाही.

तुझा दादा,
प्रभू

•

गोरेगाव
९ ऑक्टोबर २००४

ती. दादा,

जमलं! पहिल्या वेळी फोटो उलटा मजकुराच्या वर बसला आणि अक्षरं गायब झाली. दुसऱ्या वेळी बरोबर बसला. आता पानभर आबा आहेत, फेट्यातले, आणि त्यांच्या छातीवरून सगळा मजकूर. वर "मसाजी" एवढं मोठं की पुनमचंद शेठनी चष्म्याशिवाय वाचलं. खाली "दि. १५ सप्टेंबर २००४", तू सांगितल्यासारखं ठळक. मध्ये बारीक अक्षरात, घरातून निघून गेले आहेत, स्मरणशक्ती कमी, अंगावर धोतर-बंडी-घोंगडी, आढळल्यास कळवा. मी मुद्दाम पंधरा ओळी वाढवून पाहिल्या. आबा हलले नाहीत.

झेरॉक्स काढून जीपवाल्यांना दिल्या, एसटीच्या कंडक्टरांना दिल्या. सेनगाव स्टँडवर मी स्वतः खळ लावून चिकटवल्या. सगळ्या भिंतींवर उमेदवारांचे रंगीत हसरे चेहरे आहेत, त्यांच्यातून जागा काढावी लागली. औंढ्याच्या गाडीचा कंडक्टर फार भला माणूस. त्यानं कागद हातात घेतला, टोपी काढली आणि कागद कपाळाला लावला.

मायला कागद आवडला नाही. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "असा धुऊन काहून काढला ग त्यांना?" मी म्हटलं, "तुझ्या लेकाची कलाकारी आहे."

आणि एक गंमत ऐक. काल कळमनुरीची मामी आली. पार वेशीपासून गळा काढत आली. "माझ्या ननंदेचं सोनं गेलं ग बाई" म्हणत दारात बसकण मारली. माय चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, "माझ्या कपाळाकडं बघ आधी. कुकू हाय का न्हाई?" मामीचं रडणं घशातच अडकलं. म्हणाली, "मंग स्टँडावर कागद काहून लावला तुमी?" मी कागद वाचून दाखवला. मग ती दोन कप चहा प्याली आणि जाताना पुन्हा थोडं रडलीच, रडं वाया जाऊ नये म्हणून. माय नंतर हसली, दादा. करीनंतर पहिल्यांदा हसली.

अजून फोन एकही नाही. कोणी पाहिलंच नसेल का रे त्यांना?

अंजू

•

पुणे
१५ ऑक्टोबर २००४

चि. अंजू,

मामीचं वाचून मी आणि तुझी वहिनी दोघं हसलो. त्या बाईचे डोळे कायम भरलेलेच असतात, कोणाचंही नाव घ्यायचा अवकाश.

कागदाची प्रत मिळाली. फारच सुबक झालाय. मालकाला दाखवला, तर म्हणाला, "बहिणीला इकडं बोलावून घे." परवाच आम्ही एका बड्या व्यापाऱ्याच्या तेराव्याचं कार्ड केलं, हुबेहूब याच पद्धतीनं, मागं त्यांचा फोटो विरळ करून. घरची मंडळी बघून रडली. कामाला दाद मिळाली की बरं वाटतं.

फोन आला नाही म्हणून धीर सोडू नको. कागद बदलू मात्र नको, लोकांच्या नजरेत तोच बसू दे. आणखी प्रती काढ आणि आता सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला लाव. लहानपणी मी आबांबरोबर एकदा तिकडं गेलो होतो. पूर्णेच्या काठानं ते मेंढरं न्यायचे आणि धरणाच्या खालच्या अंगाला तळ असायचा. मेंढरं शोधत निघालेला माणूस तिकडंच जाईल, असं माझं मन सांगतं.

दिवाळीला मी येतोच. आबांना पाटावर बसवून ओवाळायचं, हे मायला सांग.

प्रभू

•

गोरेगाव
१६ नोव्हेंबर २००४

दादा,

तू आबांचे दिवस करून पुण्याला गेलास. तुझं मन बरोबर सांगत होतं. ते सिद्धेश्वरलाच होते.

तू इथं असताना आपल्याला एवढंच माहीत होतं की आबा तापानं गेले, तिथल्या पोलीस पाटलानं कागद वाचून दुकानात फोन केला आणि म्हणून आपल्याला त्यांचा देह मिळाला. तू तेव्हा सगळ्यांना सांगत होतास, "कागद होता म्हणून निदान माती तरी आपल्या हातची मिळाली." मीही तेच म्हणत होते. आबांची घोंगडी तिथंच राहिली होती, ती आणायला मी परवा गेले. गेले नसते तर बरं झालं असतं, पण आता गेले आहे आणि जे ऐकलं ते एकटीनं पोटात ठेवता येत नाही.

धरणाजवळ संतराम नावाच्या माणसाचं चहाचं खोपट आहे. आबा त्याच्याकडंच होते. घट बसले त्याच्या आसपास आले. दिवसा कालव्याच्या कडेला लोकांच्या शेळ्या राखायचे, संध्याकाळी खोपटामागं झोपायचे. नाव विचारलं तर हसायचे. कोळ्यांच्या बायका कालवण द्यायच्या. संतराम म्हणाला, "लई गरीब बाबा. कोनाला तकलीफ न्हाई. शेळ्या नुसत्या त्याच्या मागं मागं फिरायच्या."

तुझं पत्र आल्यावर मी कागदांचा गठ्ठा उत्तमराव जीपवाल्याकडं दिला होता. त्यानं बिचाऱ्यानं इमानदारीत एक कागद संतरामच्याच खोपटावर चिकटवला. बाहेरच्या कुडावर, बाकड्याच्या वर. आबा त्या बाकड्यावर बसून चहा प्यायचे.

मी म्हटलं, "काका, मग तुम्ही फोन काहून केला नाही?"

तो म्हणाला, "बाई, आमाला काय ठावं? मागं फोटू फिक्का, वर मोठ्ठं नाव, खाली तारीख. कोनाचं वारल्याचं असंल म्हणलं. मेलेल्या माणसाचाच फोटू असा लावून राहिले ना सगळीकडं? जित्या माणसाचा कोन असा लावतंय? जित्यांचे तर ते पाहा, रंगीत, हात जोडून हाईत." कुडाच्या दुसऱ्या बाजूला उमेदवार अजून हसत होते.

मी विचारलं, "मधलं वाचलं नाही?" तो म्हणाला, "मयताचा कागद कोन वाचतंय बाई? नाव पाहायचं अन् हात जोडायचे."

एवढ्यावर संपलं नाही, दादा. त्यांना चेहरा ओळखू आला होता. तू म्हणालास तसंच झालं, लांबून दिसला. संतराम आबांना म्हणाला होता, "बाबा, ह्यो वारलेला माणूस तुमच्यासारखाच दिसून राहिला." सगळे हसले. आबा उठून कागदाजवळ गेले. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "कवा वारला?" संतरामनं तारीख वाचून सांगितली, पंधरा सप्टेंबर. आबांनी डोक्याचा पटका काढला, हात जोडले आणि म्हणाले, "चांगला माणूस व्हता."

त्यानंतर रोज सकाळी ते त्या कागदाला एक फूल खोचायचे. दसऱ्याचा झेंडू जवळच्या शेतात होता, तिथून आणायचे. मग ताप आला. दवाखान्यात नेतो म्हटलं तर म्हणाले, "मेंढरं कोन पाहील?" गेल्यावर पोलीस पाटील आला, बाकड्यावर बसला, आणि बसल्या बसल्या त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. तो पहिला माणूस.

वाळलेली फुलं अजून कुडात होती. मी घोंगडी घेतली आणि कागद काढून आणला.

जीपमध्ये बसल्यावर मला तुझा भयंकर राग आला. वॉटरमार्क कर म्हणालास, कागद बदलू नको म्हणालास. मग घरी पोचेपर्यंत माझाच आला. मामी रडत आली तेव्हा मी चहा करून हसत बसले. कंडक्टरनं टोपी काढली तर मी त्याला भला माणूस म्हटलं. मायनं विचारलं, तर तिची थट्टा केली. आपण जिवंत बापाचा मयताचा कागद गावोगाव लावला, दादा, आणि लोकांनी तो खरा मानला. त्यांनी स्वतःसुद्धा मानला.

मायला काही सांगितलेलं नाही. पुनमचंद शेठ म्हणतात, ती फाइल पुसून टाक. पुसवत नाही. रोज उघडते. मजकूर सगळा खोडला तरी मागं आबा तसेच असतात, आणि माऊसनं हाती लागत नाहीत. त्यांना तिथून काढायचं कसं, तेवढं लिही.

अंजली

•

पुणे
२८ नोव्हेंबर २००४

अंजू,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय.

काल प्रेसमधला नमुन्यांचा खण उघडून बसलो. लग्नपत्रिका, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं, सगळीकडं फोटो भरगच्च. विरळ केलेले फोटो वेगळे काढले. सगळे गेलेल्यांचे. एकही जिवंत माणसाचा नव्हता. हे सगळे मीच केलेत, अंजू, याच हातांनी, आणि तुला लिहिताना मला एकदाही सुचलं नाही. मला फक्त अक्षरं उठून दिसायला हवी होती.

राग माझ्यावरच ठेव. तू फक्त मी सांगितलं ते केलंस. मायला सांगू नको, एवढं ऐक. तिला काय वाटेल ते मला बघवणार नाही.

फोटो हेडरमध्ये आहे, म्हणून वरून हाती लागत नाही. पुन्हा व्ह्यू मेन्यूत जा, हेडर अँड फुटर उघड. मजकूर फिका होईल आणि आबा हाती लागतील. त्यांच्यावर क्लिक कर आणि डिलीट दाब. मी लिहिलं खरं, पण तुझ्या जागी मला ते दाबवलं नसतं.

तशी कार्डं मी आता करत नाही. मालकाला सांगितलं, दुसऱ्याला द्या. तो कारण विचारतो, मी सांगत नाही.

प्रभू

•

गोरेगाव
२१ ऑक्टोबर २००५

ती. दादा,

आबांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. राजनंदिनीच्या तापामुळं तुला येता आलं नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. आता ती बरी आहे ना?

पुण्यस्मरणाचा कागद मीच केला. ती जुनी फाइल उघडली. तू लिहिलंस तसं हेडरमध्ये गेले आणि आबांवर क्लिक केलं. डिलीट दाबलं नाही. इमेज कंट्रोलमध्ये जाऊन वॉटरमार्क तेवढं काढलं. एका क्षणात आबा परत गडद झाले. फेट्याची घडी दिसली, मिशीतला पांढरा केस दिसला. मग त्यांना मागून पुढं आणलं आणि मजकूर खाली दोन ओळींत बसवला. फिकट फोटो पुन्हा मी करणार नव्हते, मग लोक काही का म्हणेनात. सेनगाव स्टँडवर लावला, इकडच्या गावांतही लावला.

काल दुपारी दारात एक माणूस आला. लांबच्या एका तांड्यावरचा, भीमसिंग नावाचा. कागदाची घडी हातात. मी पाणी दिलं. म्हणाला, "बाई, ह्या बाबाला आमी पाहिलंय. मागच्या साली, पोळा होऊन गेल्यावर. तांड्यावर आला होता. स्टँडावर फोटू पाहिला अन् वळखला, घर इचारत आलो. हरवले का हो?"

त्यानंही खालच्या दोन ओळी वाचल्या नव्हत्या. फोटो गडद होता, एवढंच त्याला पुरलं. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माय आतून आली. तिनं हातानंच मला गप्प केलं आणि उंबऱ्यावर बसली.

"जेवले का तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

"व्हय. आमच्या मिराबाईनं भाकर अन् पिठलं देलं. दोन भाकरी खाल्ल्या."

"अंगावर घोंगडी व्हती?"

"व्हती. म्हणला, इकडं मेंढरं आली का? आमी म्हणलो, न्हाई आली बाबा. मंग ऱ्हायला रातभर, सकाळी गेला."

"कोन्या अंगानं गेले?"

त्यानं खाली, पूर्णेच्या दिशेनं हात केला. माय तिकडं बघत राहिली. मग तो म्हणाला, "त्याच्यामागून एक कागद पाहिला होता तांड्याच्या फाट्यावर, असाच चेहरा. पण तो तर वारलेल्या कोनाचा तरी व्हता. हा फोटू तवाच लावला असता तर आमी तवाच येऊन सांगितलं असतं, बाबा कोन्या अंगानं गेला ते."

दादा, मायनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. तो कागद मयताचा दिसतो हे मामी आली त्या दिवसापासूनच तिला ठाऊक असावं, असं मला वाटलं.

ती मला म्हणाली, "भाकर वाढ त्यांला." मी वाढलं. तो जेवला. एक भाकर जास्तीची होतीच, ती रोज टाकते अजून. हात धुऊन तो निघाला आणि बांधापर्यंत जाऊन पुन्हा मागं वळला.

"मावशे, काळजी करू नका. पुन्ना आमच्या अंगाला आले तर बसवून ठेवतो. जाऊ देत न्हाई."

माय म्हणाली, "व्हय बाबा. बसवून ठेवा."

तुझी,
अंजू